म्हाताऱ्या बैलाचे पैसे कोण देणार? राज्य शासनाला आणि विधिमंडळ सदस्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मुख्यमंत्री, मा. पशुसंवर्धन मंत्री
आणि विधानसभा व विधान परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य,
महाराष्ट्र राज्य.

विषय : निकामी झालेल्या बैलांची विक्री, जनावरांचे बाजार आणि रस्त्यावरची अडवणूक यांबाबत.

सविनय नमस्कार.

गेल्या रविवारी पहाटे मी माझा पाखऱ्या नावाचा बैल सांगोल्याच्या बाजारात नेऊन उभा केला आणि दुपारी तीन वाजता त्याच पिकअपमध्ये चढवून घरी परत आणला. जाऊन-येऊन भाड्याचे चौदाशे रुपये गेले. दिवसभरात तीन माणसे त्याच्यापाशी थांबली. एकाने ओठ वर करून दात पाहिले, दुसऱ्याने उजव्या गुडघ्याची सूज चाचपली आणि तिसऱ्याने नुसते विचारले, "पाव्हणं, ह्याला कशाला आणलाय?" मला त्याला उत्तर देता आले नाही. ज्यांच्याकडे ते असायला हवे त्यांना हे पत्र लिहीत आहे. आणि उघडपणे लिहीत आहे, कारण सांगोला, जत, आटपाडी, मंगळवेढा या पट्ट्यात असे पाखरे गोठ्यागोठ्यांत उभे आहेत.

आधी माझ्याविषयी. माझी साडेचार एकर जमीन आहे. त्यातली चार एकर जिरायत, उरलेल्या अर्ध्या एकरात डाळिंब. दावणीला आमच्या भागातल्या खिलार या देशी जातीची एक जोडी, एक खिलार गाय आणि दुधाच्या तीन एचएफ (होल्स्टिन या विदेशी जातीच्या संकरित) गाई. घरात तीन पिढ्यांची पंढरीची वारी आहे, माझ्या गळ्यात माळ आहे, आमच्या चुलीवर मांस शिजत नाही आणि बेंदराला पुरणपोळीचा पहिला घास बैलांनाच मिळतो. तेव्हा गोमांस खावे की खाऊ नये, हा प्रश्न माझ्यापुरता केव्हाच मिटलेला आहे. माझा प्रश्न गोठ्याच्या हिशेबाचा आहे, आणि तो हिशेब शासनाने २०१५ साली बैलांच्या कत्तलीवर बंदी आणून मोडला, ही माझी तक्रार आहे.

तो हिशेब कसा चालत असे, ते एका व्यवहारावरून सांगतो. २०१३ मध्ये आमचा एक बैल थकला. खांद्याची गाठ बरी होईना आणि कुळवाला जुंपला की तो दुसऱ्या फेरीलाच बसू लागला. वडिलांनी तो बाजारात चौदा हजारांना विकला. त्यात अकरा हजारांची भर घालून त्याच दिवशी, त्याच बाजारातून, पंचवीस हजारांना दोनदाती, म्हणजे कोवळ्या वयाचा, कोसा खोंड घेतला. वडिलांनी विकलेल्या बैलाचे दावे रिवाजाप्रमाणे काढून घेतले, व्यापाऱ्याची दोरी त्याच्या गळ्यात घातली आणि मागे वळून न पाहता चालू लागले. तो बैल कुठे चालला आहे हे त्यांना माहीत होते, मलाही माहीत होते. त्या रात्री आई जेवली नाही. पण आठ दिवसांनी नवा खोंड जुवाखाली शिकू लागला आणि ज्वारीची पेरणी वेळेवर झाली. तो खोंड म्हणजेच पाखऱ्या. आज पंधरा वर्षांचा झाला आहे. ज्या बाजाराने त्याला आमच्या दारात आणले, तो बाजार आता त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही.

आमच्याकडे बैल म्हणजे बिनकागदाची ठेव होती. दहा वर्षे कामातून तिचे व्याज मिळे आणि शेवटी मुद्दलाचा निम्मा-अर्धा हिस्सा हातात येई, ज्यावर पुढचा बैल उभा राहत असे. १९७६ च्या महाराष्ट्र पशू संरक्षण कायद्याने गाईची कत्तल बंद केली तरी बैल आणि वळू यांना एक वाट ठेवली होती: ओढकामाला किंवा पैदाशीला उपयोगी राहिला नाही, असा दाखला सक्षम अधिकाऱ्याने दिला, तर त्याची कत्तल करता येत असे. १९९५ मध्ये विधिमंडळाने ती वाट बंद करणारी दुरुस्ती मंजूर केली. ती दोन दशके दिल्लीत पडून राहिली आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळून मार्चमध्ये अमलात आली. बैलाची कत्तल, कत्तलीसाठी विक्री आणि कत्तलीसाठी वाहतूक, या सर्वांना पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड ठरला. वाट बंद करताना शेतकऱ्याच्या हातात मुद्दलाऐवजी काय द्यायचे, याबद्दल त्या कायद्यात एक ओळ नाही. बाकीच्या साऱ्या तक्रारी या एका गोष्टीतून निघतात.

पहिली तक्रार खर्चाची. निकामी बैल सांभाळायला काय लागते याचा आकडा मी माझ्या मनाने सांगत नाही, शासनाचाच सांगतो. २०१९ च्या दुष्काळात आमच्या तालुक्यात चारा छावण्या होत्या. माझी जनावरे तिथे होती आणि मीही तिथेच ताडपत्रीखाली झोपत होतो. त्या वर्षी शासनाने मोठ्या जनावरामागे रोजचे अनुदान वाढवत नेऊन १०० रुपये केले, कारण त्याहून कमीत ते जगत नाही हे शासनाला पटले होते. त्याच दराने एका बैलाचे वर्षाचे ३६,५०० रुपये होतात, आणि कडब्याचा भाव तेव्हापासून काही उतरलेला नाही. पाखऱ्या अजून पाच वर्षे जगला, आणि देव करो तो जगो, तर १,८२,५०० रुपये लागतील. चार एकर जिरायतीवर इतके पैसे उरत नाहीत. शिवाय त्याचे दात झिजले आहेत. आख्खा कडबा टाकला तर तो चघळून गोळा गव्हाणीबाहेर टाकून देतो, म्हणून त्याची वैरण वेगळी कुट्टी करावी लागते आणि ती माझी बायको रोज संध्याकाळी पाण्यात भिजवून ठेवते. तिच्या या कामाची मजुरी कोणत्याही दरपत्रकात नाही.

यावर शेणाचे उत्तर दिले जाते. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने गुजरातचा संपूर्ण बंदीचा कायदा वैध ठरवला, तेव्हा म्हातारे जनावरही शेण-गोमूत्र देते, त्यामुळे ते निरुपयोगी म्हणता येत नाही, हा मुद्दा महत्त्वाचा मानला गेला. त्याच न्यायालयाने १९५८ मध्ये नेमके उलटे, निकामी बैलांच्या कत्तलीवर सरसकट बंदी घालणे वाजवी नाही, असे म्हटले होते. न्यायालयाचा मान राखून मी एवढेच सांगतो की, आमच्या उकिरड्यात एका बैलाच्या वर्षभराच्या शेणातून एक ट्रॉली, फार तर सव्वा ट्रॉली खत पडते. ट्रॉलीला आमच्या भागात पाच हजारांच्या आसपास मिळतात. छत्तीस हजार खाऊन पाच हजार देणाऱ्या व्यवहाराला उपयुक्त म्हणायचे असेल तर म्हणावे. पण मग उरलेले एकतीस हजार कोणी भरायचे हेही सांगावे.

शासनाने बैलाच्या जिवाची किंमतही ठरवून ठेवली आहे, हे अनेकांना आठवत नसेल. २०२२ मध्ये लम्पी आला, बाजार बंद झाले, आणि मेलेल्या गाईमागे ३० हजार, बैलामागे २५ हजार आणि वासरामागे १६ हजार रुपये मदत जाहीर झाली. ती मदत योग्यच होती, माझ्या शेजाऱ्याला त्यातून आधार मिळाला. पण त्या हिशेबाने माझा बैल रोगाने मेला असता तर २५ हजारांचा होता, आणि औषधपाणी करून मी त्याला वाचवला म्हणून तो आज शून्य रुपयांचा आहे. पुढे ३० सप्टेंबर २०२४ रोजी देशी गाईला राज्यमाता-गोमाता घोषित केले गेले आणि गोशाळांतील देशी गाईंसाठी रोजचे ५० रुपये अनुदान ठरले. गोशाळेत पोहोचलेल्या गाईला पन्नास रुपये मिळतात. माझ्या गोठ्यात राहिलेल्या गाईला आणि बैलाला काहीच नाही. म्हणजे सांभाळणाऱ्याने सांभाळणे सोडले की शासनाचे पैसे सुरू होतात, असा याचा अर्थ आम्ही लावायचा का?

दुसरी तक्रार लिहिताना हात अडखळतो, कारण तिच्यात माझाही दोष आहे. एचएफ गाईला खोंड झाला की गोठ्यात कोणी बोलत नाही. त्याला वशिंड नाही, जू बसत नाही आणि आमच्या उन्हात तो दुपारी दहा सऱ्याही ओढत नाही. पूर्वी अशी गोऱ्ही व्यापारी थोड्याफार पैशांना घेऊन जात. छावणीहून परत आलो त्या वर्षी आमच्या गाईला असा काळा-पांढरा पाडा झाला. दूध संकलन केंद्रावर फॅटप्रमाणे पैसे मिळतात, आणि पाडा रोज दोन-तीन लिटर पितो. आम्ही त्याला मारले नाही. चीक पाजला, आणि मग हळूहळू दूध तोडले, इतकेच. अकराव्या दिवशी सकाळी तो उठला नाही. धाकटी मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. तिने विचारले, त्याला काय झाले होते? मी म्हणालो, आजारी होता. ज्या कायद्याचे नाव पशू संरक्षण असे आहे, त्या कायद्याखाली अशी संरक्षित वासरे किती गोठ्यांत मरतात किंवा रात्री कुठल्या देवळाच्या, कुठल्या टोलनाक्याच्या कडेला सोडली जातात, याची मोजदाद कोणी करीत नाही. मोकाट जनावरांची मोजणी मात्र २०१९ च्या पशुगणनेत झाली: देशभरात ५० लाखांहून अधिक. आमच्या शिवारात त्यातली जी येतात, ती रात्री शाळू खाऊन जातात, आणि राखणीला पुन्हा आम्हीच जातो.

तिसरी तक्रार रस्त्याची, आणि ती सर्वांत मोठी आहे. कायदा म्हणतो कत्तलीसाठी वाहतूक करू नका. शेतीसाठी बैल नेण्यास कायद्यात कोणतीही बंदी नाही. पण रात्री अकरा वाजता महामार्गावर गाडी आडवी लावणाऱ्या मुलांना हा फरक समजावून सांगायचा कसा? २०२३ मध्ये माझ्या चुलतभावाने शेजारच्या जिल्ह्यातील बाजारातून ८२ हजारांना चारदाती जोडी घेतली. बाजार समितीची पावती खिशात होती, कानात टॅग होते, गाडीत दोनच बैल होते. गाडी अडवली गेली, चालकाला मारहाण झाली, आणि पोलीस आले तेव्हा त्यांनी पावती पाहिली, पण बाहेर जमलेला जमावही पाहिला. जोडी एका गोशाळेत गेली. भाऊ तारखांना जात राहिला. न्यायालयाने जोडी मालकाला परत देण्याचा आदेश दिला, त्याला साडेचार महिने लागले. तोवर रब्बीची पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरने उरकावी लागली होती. जोडी आणायला गेल्यावर दोन बैलांच्या देखभालीचा रोज दीडशेप्रमाणे १३५ दिवसांचा हिशेब पुढे आला: ४०,५०० रुपये. आणि बैल एकच होता. दुसरा आजाराने गेला, असे सांगण्यात आले. कोणता आजार, कोणत्या डॉक्टरने पाहिला, याचा कागद नव्हता. एकट्या बैलाला जोड शोधण्यापेक्षा तो विकावा असे भावाने ठरवले; पण त्याला घेऊन रस्त्यावर जायला गाडीवाला मिळेना.

२०१५ च्या दुरुस्तीत एक कलम ९ ब होते: आपण निर्दोष असल्याचे आरोपीनेच सिद्ध करायचे. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०१६ रोजी बंदी कायम ठेवली, परंतु ते कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केले. कागदावर ते दहा वर्षांपूर्वीच गेले, पण रात्रीच्या रस्त्यावर अजून तेच चालते. पावती दाखवली तरी 'कशावरून शेतीसाठी?' असे विचारणारा माणूस पोलीस नसतो, पशुवैद्यकीय अधिकारी नसतो, आणि उत्तर पटले नाही तर निकालही जागेवरच देतो. जनावरे दाटीवाटीने कोंबून नेणे क्रूर आहे यात वाद नाही. त्यासाठी १९७८ पासून वाहतुकीचे नियम आहेत, एका मालट्रकमध्ये सहापेक्षा जास्त मोठी जनावरे नेता येत नाहीत, आणि ते नियम मोडणाऱ्यावर पोलिसांनी जरूर कारवाई करावी. माझा आक्षेप पोलिसांची जागा दुसऱ्याने घेण्याला आहे.

याचाच पुढचा भाग २०२५ च्या पावसाळ्यात दिसला. रस्त्यावरच्या मारहाणीला आणि जप्तीला कंटाळून कुरेशी समाजाने राज्यभर जनावरांची खरेदी थांबवली. म्हशी आणि रेडे यांच्या व्यापारावर तशी बंदी नसूनही त्यांच्या गाड्या अडवल्या जात होत्या. बाजार ओस पडले. मी त्या काळात एका रविवारी बाजारात गेलो होतो. एरवी जिथे पाय ठेवायला जागा नसते, तिथे चहावाला स्टो बंद करून बसला होता. कासरे-म्होरक्या विकणारी बाई आपल्या ताडपत्रीवर एकटीच होती. बैलांना पत्र्या मारणारा नालबंद दुपारी बारालाच निघून गेला. पिकअपवाले झाडाखाली पत्ते खेळत होते. एका रविवारच्या बाजारावर किती चुली पेटतात हे बाजार भरतो तेव्हा कळत नाही, तो मोडल्यावर कळते.

व्यापाऱ्यांबद्दल एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे, कारण ती कोणी सांगत नाही. आमच्या घराचा व्यवहार तीन पिढ्या एकाच कुरेशी घराशी आहे. त्यांचे आजोबा आमच्या आजोबांना ओळखत. रुमालाखाली हातात हात घालून बोटे दाबत त्यांनी सौदे केले आणि कधी कागद केला नाही. पावसाने दगा दिला त्या वर्षी त्यांनी वडिलांना बैल उधार दिला, पैसे दिवाळीनंतर घेतले आणि व्याजाचा शब्द काढला नाही. म्हातारा बैल घेताना ते भाव पाडत असत, त्यावरून भांडणेही होत. व्यापारी तो व्यापारीच. पण बँकेच्या कर्जाला सातबारा, नाहरकत दाखले आणि चार खेपा लागतात, तिथे हा माणूस चेहऱ्यावर पैसे देत होता. आता त्या घरातला मुलगा पुण्यात डिलिव्हरीचे काम करतो. उधार बैल देणारे आमच्या भागात उरलेले नाहीत. त्यांची जागा पतसंस्थेच्या वसुली अधिकाऱ्याने घेतली आहे.

चौथी तक्रार थोडक्यात. २७ मे २०२५ रोजी राज्याच्या गोसेवा आयोगाने बाजार समित्यांना पत्र पाठवून बकरी ईदच्या आठवड्यात, ३ ते ८ जून, जनावरांचे बाजार भरवू नयेत असे कळवले. गदारोळ झाल्यावर भूमिका बदलावी लागली, हे खरे. पण तो आठवडा कोणता असतो? बियाणे-खत घ्यायचे असते, शाळांची फी भरायची असते, आणि वर्षभर सांभाळलेल्या बोकडाला त्याच आठवड्यात भाव असतो. गाईच्या नावाने निघालेल्या पत्रामुळे शेळीवाल्या विधवेचा बाजार बुडाला असता. असे पत्र काढण्यापूर्वी एका तरी बाजार समितीला, एका तरी शेतकऱ्याला विचारले होते का?

आपण म्हणाल, कायद्याचा उद्देश तर गोवंश वाचवण्याचा आहे. तो वाचला का, हेही पाहू. २०१२ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे १५५ लाख गोवंश होता. २०१९ मध्ये तो सुमारे १४० लाख झाला; सात वर्षांत दहा टक्क्यांची घट. याच काळात म्हशींची संख्या मात्र ५६ लाखांच्या आसपास जवळपास तशीच राहिली. ही घट एकट्या कायद्यामुळे झाली असे मी म्हणणार नाही. मधे दुष्काळ होते, ट्रॅक्टर आले, मुलांना गोठ्यात हात घालायचा नाही, हीही कारणे आहेत. पण दुष्काळ म्हशीलाही होता. फरक इतकाच की म्हैस भाकड झाली तरी तिला गिऱ्हाईक असते, म्हणून माणूस दुसरी म्हैस घ्यायला धजतो. बैलाला गिऱ्हाईक नाही म्हटल्यावर दोनदाती खोंड घ्यायला कोण धजेल? शर्यतीचा खिलार आज लाखांत विकला जातो, त्याचे फोटो सगळीकडे दिसतात. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना परवानगी दिल्यापासून त्या बैलांना चांगले दिवस आले आणि मला त्याचा आनंदच आहे. पण शर्यतीला शंभरातला एखादा लागतो. बाकीचे कुळवाला लागत होते. लातूर-नांदेडकडची देवणी आणि लाल कंधारी, अकोले-इगतपुरीची डांगी, वर्ध्याची गवळाऊ, या जाती कोणत्या कायद्याने घडल्या नाहीत. ओढकामासाठी चांगला खोंड निवडणाऱ्या आणि नको तो विकून टाकणाऱ्या शेतकऱ्याच्या पारखीतून त्या घडल्या. विकून टाकणे बंद झाले की निवडणेही बंद होते.

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, २०२५ मध्ये परदेशी कंपनीने तिची नक्कल केली म्हणून साऱ्या राज्याचा अभिमान जागा झाला. ती चप्पल ज्या कातड्याची होते ते कुठून येते, हे त्या वेळी कोणी विचारले नाही. कर्नाटकानेही २०२१ पासून कायदा कडक केल्यामुळे जनावरांची आणि कातड्याची सीमेपलीकडची वाटही आता आवळली आहे.

आता मागण्या. त्या मी क्रमाने लिहितो, म्हणजे उत्तर देताना कोणती सुटली हे कळेल.

१. बारा वर्षांवरील, किंवा ओढकामाला व पैदाशीला कायमचे निकामी असल्याचा पशुवैद्यकीय दाखला असलेले बैल आणि संकरित खोंड यांच्यापुरती १९७६ च्या मूळ कायद्यातील दाखल्याची पद्धत पुन्हा आणावी. गाईवरील बंदी तशीच ठेवावी, तिच्याविषयी माझे काही म्हणणे नाही. ही मागणी करताना माझ्या गळ्यातली माळ मला जड वाटते, हे लपवत नाही. वडिलांनाही त्या दिवशी जड वाटली असेल.

२. पहिली मागणी शासनाच्या श्रद्धेत बसत नसेल तर त्या श्रद्धेचा खर्च शासनाने उचलावा. लम्पीच्या वेळी ठरवलेल्या २५ हजारांना शासनाने निकामी बैल शेतकऱ्याकडून विकत घ्यावा, नाहीतर छावणीच्या १०० रुपये रोजाने शेतकऱ्याच्याच गोठ्यात त्याचे अनुदान द्यावे. गोशाळेतल्या गाईइतका तरी मान माझ्या दावणीच्या बैलाला मिळावा.

३. जनावरांची गाडी तपासण्याचा अधिकार फक्त पोलिसांना आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना असावा. खासगी व्यक्तीने गाडी अडवली तर गुन्हा त्या व्यक्तीवर दाखल व्हावा. अशा सूचना कागदावर निघतात, हे ऐकून आहे. त्या ठाण्याच्या भिंतीवर आणि बाजाराच्या फाटकावर ठळक लावाव्यात.

४. जून २०२४ पासून टॅगशिवाय जनावरांची खरेदी-विक्री करता येत नाही. बारा अंकी क्रमांकावर मालकाचे नाव निघते. मग टॅग आणि पावती जुळत असेल तर जनावर ७२ तासांत हमीपत्रावर मालकाच्या ताब्यात द्यावे. मालक निर्दोष ठरला तर देखभालीचा खर्च शासनाने भरावा, आणि ताब्यात असताना जनावर दगावले तर शवविच्छेदनाचा अहवाल आणि भरपाई द्यावी.

५. राज्यात दरवर्षी किती जनावरे जप्त झाली, कोणत्या गोशाळेत गेली, त्यातली आज किती जिवंत आहेत, याचा तक्ता जिल्हावार प्रसिद्ध करावा.

६. लिंगनिर्धारित रेतमात्रा, म्हणजे बहुतेक कालवडीच जन्माव्यात असे कृत्रिम रेतनाचे वीर्य, तालुक्याच्या ठिकाणी नव्हे, गावच्या दवाखान्यात आणि वेळेवर मिळाव्यात. गाय माजावर येते ती बारा-अठरा तासांसाठी, तालुक्याहून रेतनाची कांडी येईपर्यंत थांबत नाही. माझ्या गोठ्यात त्या वर्षी ही सोय असती तर तो पाडा बहुधा जन्मालाच आला नसता.

नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात यांतल्या कोणत्या मागणीवर शासन काय करणार, हे सभागृहात सांगावे अशी विनंती आहे. नाही म्हणायचे असेल तर तेही स्पष्ट सांगावे, पण त्यासोबत रोजचे शंभर रुपये कोण देणार ते सांगावे. आमच्या भागातील लोकप्रतिनिधींपैकी कोणाला गोठा पाहायचा असेल तर संध्याकाळी सहानंतर यावे. तेव्हा पाखऱ्याची कुट्टी भिजत घातलेली असते आणि मी घरी असतो.

आपला,
सांगोला तालुक्यातील एक शेतकरी